जुन्या कॉम्प्युटरवर ‘लिनक्स घाल’, हा सल्ला नवख्याला द्यावा का?

डिचोलीकर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून जो भेटेल तो एकच सांगतो, "जुना कॉम्प्युटर फेकू नको, विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम घाल, फुकट आहे." माझं मत: कॉम्प्युटरचं पोट ज्याने कधी उघडलेलं नाही, त्याला हा सल्ला देऊ नये. मी तो ऐकला आणि दोन आठवडे भोगला.

मशीन बाबांचं. २०१२ चा डेस्कटॉप, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंदच. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. कॉम्प्युटरवर त्यांची कामं दोन, भजनी मंडळाचा जमाखर्च आणि अभंगांची वही. कार्तिकी एकादशीपर्यंत वही छापून हवी होती.

मिंट म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, तो नेटवरून उतरवला, जवळपास तीन जीबी. तो घालायचा पेनड्राईव्ह तयार केला. मशीनला तो दिसेचना. दुसऱ्यांदा केला तेव्हा दिसला, मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीनने आधी कशावरून सुरू व्हायचं त्या क्रमात, त्याला पहिला नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेटिंग पुन्हा पूर्वीसारखं. पुन्हा दिला, पुन्हा गेलं. मला वाटलं माझ्याच हाताला काही तरी झालंय.

शेवटी दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री बसलो. समोर पोरं नरकासुर बांधत होती, दणदणीत गाणी चालू. ‘डिस्क पुसून मिंट घाला’ दाबलं. दस्तऐवज आधीच दुसऱ्या पेनड्राईव्हवर घेतले होते. पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि वाडाभर वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. तेलही गेलं, तूपही गेलं.

तिसऱ्या दिवशी एकदाचं बसलं, तर वायफायसाठी यूएसबीला लावायचा नखाएवढा डोंगल चालेना. त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नेटवरून घ्या म्हणतो. नेट असतं तर डोंगल कशाला हवा होता? वेड्याचं वेड गेल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

आणि मग बाबांनी अभंगांची फाईल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, सगळा भाजीपाला. बाबा बोलले काहीच नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. जवळजवळ दोनशे अभंग होते.

फोंड्याचा पेंग्विन

दादा, वाईट वाटलं, पण यात लिनक्सचा दोष कुठे आहे ते दाखवा. तुमच्या मशीनचा बायोस जुन्या पद्धतीचा असणार. रुफस या पेनड्राईव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये पार्टिशन स्कीम, म्हणजे पेनड्राईव्हची मांडणी, ‘जीपीटी’ राहिली की तो असल्या मशीनला दिसत नाही, ‘एमबीआर’ निवडावी लागते. दोन मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं. डोंगलचंही तसंच. अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं, फोनचं नेट कॉम्प्युटरला येतं. ड्रायव्हर उतरवायचा, फोन काढायचा. वीज गेली त्याला लिनक्स काय करणार?

डिचोलीकर

अरे पेंग्विना, ‘दोन मिनिटं वाचलं असतं’ हेच तर. काय वाचायचं ते ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याचीच ती दोन मिनिटं. मला ‘जीपीटी’ हा शब्द पहिल्यांदा त्या खिडकीत दिसला. आपोआप जे निवडलेलं होतं ते बरोबरच असणार असं मी धरलं.

पानेवाला, म्हापसा

मी दुरुस्तीचं काम करतो, पंचवीस वर्षं. डिचोलीकरांशी शंभर टक्के सहमत. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो, नको. हिशेबाचं टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. जीएसटीवाल्यांच्या डिजिटल सहीच्या टोकनला ड्रायव्हर शोधत बसा. जुन्या लेझर प्रिंटरांतले काही तर असे हटवादी की अख्खी दुपार खातात. भाचा येऊन लिनक्स घालून जातो, चतुर्थी संपली की भाचा बंगळूरला आणि मशीन माझ्या टेबलावर. आणि सिक्युरिटी अपडेटचंच म्हणाल तर मायक्रोसॉफ्टच्या आपल्या अकाउंटवरून नोंदणी केली की विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्यात पैसे जमवा.

डिचोलीकर, एक सांगा. मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर ‘एफ-१ दाबा’ असं येतं का? आणि घड्याळ चुकतं का?

डिचोलीकर

येतं! किती वर्षं येतंय. आमच्याकडे एफ-१ दाबणं म्हणजे मशीनला नमस्कार केल्यासारखं, केल्याशिवाय पुढे जात नाही. घड्याळ बाबा रोज सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर बघून लावायचे, तारखेसकट. त्यांना वाटायचं कॉम्प्युटरचं असंच असतं.

पानेवाला, म्हापसा

मदरबोर्डवरचा सेल मेलाय. नाण्याएवढा, सीआर २०३२. विजा चमकल्या की तुम्ही प्लग काढून ठेवत असणार. सेल मेलेला, वर प्लग काढलेला, मग बायोस सगळं विसरतो. तुम्ही पेनड्राईव्हला दिलेला पहिला नंबर म्हणूनच सकाळी जात होता. हाताला काही झालेलं नाही.

फोंड्याचा पेंग्विन

म्हणजे लिनक्सच्या नावाने चाललेली अर्धी रड चाळीस रुपयांच्या सेलची!

पानेवाला, म्हापसा

बाळा, उड्या मारू नकोस. तो सेल मी ओळखला, तुझ्या लिनक्सने नाही.

मडगावची आत्या

मी बँकेतून निवृत्त. दीड वर्ष लिनक्स वापरते. मला बूट ऑर्डर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण मग विंडोज तरी मी स्वतः कधी घातलं होतं? ते दुकानातून आत बसूनच आलं. तुम्ही लोक एका बाजूला दुकानदाराने बसवून दिलेलं विंडोज ठेवता आणि दुसऱ्या बाजूला स्वतः रात्री जागून घातलेलं लिनक्स, आणि म्हणता लिनक्स अवघड. ही कसली तुलना? डिचोलीकरांनी विंडोज स्वतः घातलं असतं तरी नरकासुराच्या रात्री वीज गेलीच असती.

माझं पुतण्याने बसवून दिलं. मी इनस्क्रिप्ट या मराठी कळांच्या मांडणीत टाइप करते. तो १९९१ च्या भारतीय मानकातला, विंडोजमध्येही तोच होता, त्यामुळे बोटांना फरकच कळला नाही.

पानेवाला, म्हापसा

आत्या, तुमचा पुतण्या मडगावातच आहे ना? तेच म्हणतोय मी.

हळदोणेकर

२००० नंतरच्या वर्षांत परदेशातून आलेले वापरलेले कॉम्प्युटर गोव्यातल्या शाळांमध्ये लिनक्सवर चालले होते, हे कितीजणांना आठवतं? मशीनं आजच्या मानाने अगदीच किरकोळ. चालली, कारण घालून द्यायला आणि अडलं तर यायला माणसं होती. पानेवाले, तुम्ही ते माणूस व्हायला तयार का नाही? पाचशे रुपये घ्या की.

पानेवाला, म्हापसा

पाचशेत बसवून देईन हो. नंतरच्या वीस फोनचे कोण देणार? "पत्त्यांचा खेळ कुठे गेला" म्हणून फोन येतो.

फोंड्याचा पेंग्विन

अभंगांचं राहिलं. दादा, ती फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत, नाही. वडिलांनी ‘शिवाजी’सारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलं असणार. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांवरच मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं दिसतात. अभंग कुठेही गेलेले नाहीत. फॉन्टची फाईल मिळवा, उघडून ‘इन्स्टॉल’ दाबा, लिब्रेऑफिस (लिनक्सवरचं वर्डसारखं) बंद करून पुन्हा उघडा.

डिचोलीकर

फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात होता, डिस्क पुसताना तोही गेला. दस्तऐवज घ्या हे सगळे सांगतात, फॉन्ट घ्या हे कोणीच सांगितलं नाही. पण वाळपईच्या एका छापखान्यात मिळाला. काल रात्री घातला, पानं जशीच्या तशी उभी राहिली. बाबांनी पहिल्या अभंगापासून शेवटच्या अभंगापर्यंत बोट फिरवून पाहिलं, साडेअकरा वाजले.

एका मित्राने सगळं युनिकोडमध्ये करून दिलं, पण तिथे रफार भलत्याच अक्षरावर बसलेत आणि ऱ्हस्व वेलांट्या एक घर पुढे सरकल्यात. बाबांनी लाल पेन काढलाय. शिक्षकाला दुसरं काय हवं!

सेलही बदलला. पस्तीस रुपये. एफ-१ येत नाही, डोंगल फोनच्या युक्तीने चालू झाला. पेंग्विना, देव बरें करूं.

तरी मत तेच. या धाग्यात चौघांनी मिळून जे सांगितलं ते मला सुरुवातीला एकाही ‘फुकट आहे, घाल’वाल्याने सांगितलं नव्हतं. कार्तिकीला मंडळ गेल्या वर्षीच्या झेरॉक्सवरूनच गायलं.

फोंड्याचा पेंग्विन

पण आता मशीन चालतंय ना? मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मग परत विंडोजवर जाणार?

डिचोलीकर

नाही. पुन्हा तो पेनड्राईव्ह करायची हिंमत नाही.

पानेवालेबाब, शुक्रवारी बाजाराला म्हापशात येतोय. तो हटवादी प्रिंटर आमच्याकडेही आहे. कॉम्प्युटरसकट आणू की नुसता प्रिंटर पुरे?

पानेवाला, म्हापसा

कॉम्प्युटरसकट आणा. आणि दुपारचं जेवून या.