अनुभव धागा : दारापुढची जागा, बारा महिने

दसऱ्याला आईकडे होते, साताऱ्याजवळ गावी. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, कारण आईचे गुडघे, रोजचा सडा-सारवण तिला होईना आणि पावसात पाय घसरायची भीती आम्हा भावंडांनाच जास्त. आता धुतलं की झालं. पण तोरण बांधून झाल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आता दाराकडं बघून म्हयना कळत न्हाई गं." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. खरंच कळायचा महिना. गुढीची काठी, मग वाळवणाच्या बाजा, मग वळचणीला टांगलेली इरली-घोंगडी, मग गौरीची पावलं, मग कंदील.

म्हणून हा धागा. ओटा, पडवी, खळं, चाळीची गॅलरी, फ्लॅटच्या दाराबाहेरची दोन फूट जागा, काहीही चालेल. तुमच्याकडे कुठल्या दिवसांत दारापुढे काय येतं, ते हाताने कसं करता, काय बंद पडलं, काय नव्याने सुरू केलं ते लिहा. सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

खळ्यातली, देवगड

आमच्याकडे अंगण नाही म्हणत, खळं म्हणतात. पावसाळ्यात खळ्याचं काही राहत नाही, शेवाळ, गवत आणि कडेने तेरडा. तेव्हा सगळं लक्ष पडवीकडे. मृगाच्या आधी चुडतं, म्हणजे नारळाच्या झावळ्या, विणून पडवीच्या पावसाकडच्या बाजूला झडी बांधायच्या, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी थेट माजघरापर्यंत येतं. आता बरेचजण निळी ताडपत्री नाहीतर हिरवी नेट लावतात, आम्हीही दोन वर्षं लावली, पण आत अंधार आणि कोंदट होतं, चुडताच्या झडीतून उजेड गाळून येतो तसा येत नाही, म्हणून परत विणायला लागलो.

घट बसले की नवं बांधायचं. भाताची लोंबी, कुरडूचं फूल, झेंडू, आंब्याचं पान एकत्र बांधून दाराला, विहिरीला, गाडीलासुद्धा. वर्षभर ते तिथेच सुकतं, पुढच्या वर्षी नवं आलं की जुनं काढायचं.

खरं काम त्यानंतर. पाऊस गेला पण जमिनीत ओल आहे तेवढ्या पंधरा-वीस दिवसांत खळं करायचं. वरचा थर कुदळीने खणायचा, ढेकळं फोडायची, लाल माती पसरायची, पाणी मारून रात्रभर भिजू द्यायची, सकाळी धुमुसाने ठोकायची आणि मग चोपण्याने चोपत चोपत मागे सरकायचं. माझ्या सासूबाई आवाजावरून सांगतात. ओली असते तेव्हा थप् थप् असा जड आवाज येतो, बसली की कोरडा टक् येतो, आणि मधे कुठे परत थप् आलं की त्या वळचणीला बसल्या बसल्या म्हणतात, "थंय परत मार." उतार बघायला तांब्याभर पाणी ओतायचं, कुठे धावतं ते बघायचं. मग शेणाचं पातळ सारवण, ते सुकलं की दुसरा हात. अर्धगोल हात फिरतो त्याच्या कमानी उमटतात एकाला एक लागून, मला तर तीच रांगोळी वाटते, वर काही काढायला जीव होत नाही.

तुळशीच्या लग्नाला वृंदावन रंगवून, ऊस, चिंचा, आवळे आणि दिंड्याची काठी. नंतर खळ्यावर चुडताचा माटव, म्हणजे मांडव. पुढे त्याच जागेत काजूबिया, मग आमसुलं, मे महिन्यात आंब्याची साठं. पावसाच्या तोंडावर माटव उतरवायचा आणि ती सुकी चुडतं चुलीला.

काळी माती, यवतमाळ

आमच्याकडे सजावट म्हणून कोणी काही करत नाही बहुतेक, पण दार बदलत राहते हे खरं. उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जाते तेव्हा ओसरीला वाळ्याच्या ताट्या लागतात, दुपारी त्यावर पाणी मारायचं, तो वास आला की समजायचं परीक्षा संपल्या. समोर तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव, त्याखाली माठ.

पण माझं आवडतं पोळा. सकाळी आंब्याच्या पानांचं तोरण, संध्याकाळी बैल ओवाळून घरात आले की दाराच्या दोन्ही बाजूला पळसाच्या फांद्या, आम्ही मेढे म्हणतो. रात्रभर त्या दाराशी राहतात. पहाटे माझा बाबा त्या उचलायचा आणि आम्ही पोट्टे मागे मागे "घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाच्या शिवेपर्यंत जायचो, रोगराई, खोकला, डास सगळ्यांची नावं घेऊन. परत आलं की दार एकदम मोकळं दिसायचं. बाबा गेल्यावर तीन वर्षं हे झालं नाही. यंदा मी नागपूरहून मुद्दाम आदल्या दिवशी गेलो, शेताच्या धुऱ्यावरून फांद्या तोडल्या, माझ्या पोरीने पहाटे ओरडून गल्ली जागी केली.

शेवंती, न्यू जर्सी

आमच्या भागात सगळेच पोर्च सजवतात, सप्टेंबर आला की भोपळे, मक्याची वाळकी धाटं, गवताच्या पेंड्या. आणि दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या. इथे त्याला मम्स म्हणतात, पहिल्या वर्षी मला कळलंच नाही, जवळ जाऊन वास घेतला तर शेवंती! दारात उभी राहून रडू आलं होतं. तेव्हापासून चार पिवळ्या आणि दोन तांबड्या कुंड्या पायऱ्यांवर, आणि दसऱ्याच्या तोरणाला झेंडू मिळाला नाही तरी काही अडत नाही. फक्त कळ्या जास्त असलेली कुंडी घ्या, पूर्ण फुललेली आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते.

भोपळे मी अख्खे ठेवते, कोरत नाही. कोरलेला आठवडाभरात काळा पडून बसतो, अख्खा थंडीत नोव्हेंबरपर्यंत जातो, खारी कुरतडतात ते वेगळं. २०२४ ला ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, संध्याकाळी पोरं चॉकलेट मागायला आली तेव्हा भोपळ्यांच्या मधून पणत्या आणि वर कंदील होता. शेजारची छोटी परी झालेली, तिने एक पणती हातात धरून बघितली आणि आईला म्हणाली आपल्याकडेही पाहिजे. पुढच्या वर्षी त्यांच्या पायरीवर पाच होत्या.

हिवाळ्यात रांगोळीचं जमत नाही, बर्फासाठी मीठ टाकावं लागतं, सगळं खरकटल्यासारखं दिसतं. दारावर सूचिपर्णी पानांचं गोल कडं असतं, त्याच्या वरच तोरणही तसंच ठेवते. गुढी मात्र बाहेरच उभारते, कितीही गारठा असो.

गिरगावची, आता डोंबिवली

चाळीत गॅलरी सगळ्यांची, त्यामुळे कंदील सगळ्यांचे सारखे. रात्री जेवणं झाली की गॅलरीतच कामट्या, पतंगी कागद, गव्हाच्या पिठाची खळ घेऊन बसायचो, दादा लोक सांगाडा बांधणार, आम्ही मुली शेपट्या कापणार. वसुबारसेला रात्री सगळ्या मजल्यांवर एकदम लावायचे. रस्त्यावरून वर बघितलं की ओळीच्या ओळी, वाऱ्याने सगळ्या शेपट्या एका बाजूला.

आता फ्लॅट. सोसायटीचा नियम आहे, पॅसेजमध्ये वस्तू ठेवायच्या नाहीत, आणि तो आगीच्या दृष्टीने बरोबरच आहे, जिना मोकळा हवा. म्हणून मी सगळं दारावर आणि उंबरठ्यावर आणलं. चैत्रात कडुनिंबाचा डहाळा, श्रावणात जिवतीचा कागद दाराच्या आतल्या बाजूला, भाद्रपदात पावलं, मार्गशीर्षात गुरुवारी उंबरठ्यावर दोन बोटं रांगोळी. जागा तेवढीच, पण पुरते.

पाऊसवेडा, महाड

पावसात ओल्या फरशीवर रांगोळी टिकत नाही, कोण काय करतं?

ठिपके, चेन्नई

@पाऊसवेडा, तांदूळ भिजवून अगदी बारीक वाटा, पातळ करा, त्यात कापड बुडवून बोटांतून पिळत रेघ ओढा. वाळल्यावर घट्ट बसते, साध्या सरींना दाद देत नाही, मुसळधारेत जाईल. मी हे इथे शिकले. बारा वर्षं झाली, शेजारच्या मामींनी कोलम, म्हणजे इथली रांगोळी, शिकवलं. मार्गळी महिना म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, त्या महिन्यात पहाटे उठून दारात मोठं कोलम आणि मधोमध शेणाचा छोटा गोळा, त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचायचं. आपली रांगोळी दगडाची, ही तांदळाच्या पिठाची, त्यामुळे दुपारपर्यंत मुंग्या आणि चिमण्या निम्मी खाऊन टाकतात. मामी म्हणतात त्यासाठीच घालायची. आमच्या आईला हे सांगितल्यावर तिने सोलापूरला पण पीठ वापरायला सुरुवात केली.

कारळ्याची फुलं, मिरज

कुणीच गवळणी लिहिल्या नाहीत अजून? आमच्याकडे दिवाळी म्हणजे दारात शेणाच्या गवळणी. वसुबारसेपासून रोज सकाळी नव्या. शेण ताजं हवं पण पातळ नको, वैरणीवरच्या म्हशीचं चांगलं, हातात घेऊन लाडवासारखं वळायचं, खाली रुंद वर निमुळतं, डोक्यावर चिमटीएवढी घागर. एक ताक घुसळणारी, तिच्यापुढं डेरा, काडीची रवी. एक भाकरी थापणारी. पेंद्या एका बाजूला. मग प्रत्येकीच्या डोक्यात कारळ्याचं पिवळं फूल, आघाड्याचा तुरा, झेंडूच्या पाकळ्या, हळदीकुंकू. आजी डोळ्याला ज्वारीचे दाणे लावायची. पाडव्याला पांडव मांडले की संपलं.

वाळल्यावर आमच्या घरी टाकत नाहीत, माळ्यावर ठेवतात आणि रथसप्तमीला तुळशीपुढं त्यांच्यावरच दूध उतू घालतात. म्हणजे दिवाळीतली गवळण माघात दूध तापवायला येते. लहानपणी मला हे इतकं भारी वाटायचं की मी माझी गवळण ओळखू यावी म्हणून तिला खाली नखाने खूण करायचे.

आता गोठा नाही. डेअरीवाल्या काकांकडून पाटीभर आणते, भाचरं पहिल्या दिवशी नाक धरतात आणि दुसऱ्या दिवशी हाताला तेल लावून रांगेत बसतात.

गेरू, पुणे

आमचं चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, गौर झोपाळ्यात बसते तो महिना. वाड्यात आजी रोज काढायची, मी बाल्कनीबाहेरच्या शहाबादी फरशीवर काढते, गेरू जरा ओलसर असतानाच, नाहीतर वाऱ्याने रांगोळी सरकते. रांगोळी अंगठा आणि तर्जनीत, मधलं बोट आधाराला, आणि हात फरशीच्या जवळ, वरून सोडली तर रेघ जाड होते. सुरुवात देव्हारा आणि झोपाळ्यातल्या गौरीने, मग सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, गोपद्म, करंडा-फणी, पंखा, आंबा. एकूण ५१ चिन्हं म्हणतात, मला ३८ येतात. आजीच्या वहीचं शेवटचं पान फाटलंय, त्यामुळे ज्यांच्याकडे पूर्ण आहे त्यांनी खरंच द्या, मी कधीपासून शोधतेय.

सोपो, मडगाव

आमच्या वाड्यावर ख्रिश्चन शेजाऱ्यांची घरं बाल्कांववाली, म्हणजे दारापुढे ओटा, दोन बाजूंना बसायचे सोपे (कट्टे). २४ जूनला सांजांवला (सेंट जॉनच्या सणाला) त्यांच्याकडे फुलापानांचे कोपेल (मुकुट), डिसेंबरात नाताळसाठी बांबू-कागदाचं नखेत्र (चांदणी) दिव्यासकट. आमच्याकडे तुळस आणि चवथीआधी चुना. नखेत्राच्या कामट्या आणि आमच्या कंदिलाच्या कामट्या एकाच माणसाकडून तासून येतात, आणि दिवाळीनंतर आमच्या उरलेल्या कामट्या त्यांच्याकडे जातात.

खळ्यातली, देवगड

धागाकर्त्या ताई, एक सांगू? सगळे पेव्हर काढायची गरज नाही. वृंदावनापुढचं तेवढं काढा, आईला खुर्चीवर बसून हात पोचेल एवढं. पण आत्ताच करा, ओल आहे तोवर.

धागाकर्ती

@खळ्यातली, शनिवारी गेले. वृंदावनापुढच्या चार ओळी उचकटल्या, खालची कच काढून टाकली, शेतातली पांढरी माती दोन पाट्या घातली. धुमुस कुणाकडे मिळाला नाही, भावाने लाकडाच्या ओंडक्याने ठोकलं, चोपायला धुण्याचं धोपटणं. आई खुर्चीवर. मी आवाजाचं सांगितलं तर ती म्हणाली ते मला काय सांगतीस. दोनदा तिने "हितं अजून" म्हणून काठीने दाखवलं. सारवण तिनेच केलं, खुर्चीतून वाकून, डाव्या हाताने गुडघा धरून, जेमतेम तीन कमानी. उरलेलं मी. तिच्या तीन वेगळ्या ओळखू येतात.

@गेरू, आईला विचारलं, तिला ४४ येतात. वहीत लिहून घेतेय, उद्या फोटो टाकते.