सावलीवरून उंची कळते, पण उंची 'का' ते कळतं का?

भाऊ, तुम्ही म्हणता की नियम माहीत असला आणि त्यातून घटना गणितासारखी निघाली की झालं स्पष्टीकरण. हेच हेम्पेल आणि ओपनहाइम या तत्त्वज्ञांनी १९४८ला मांडलं होतं, पण त्याला झेंड्याच्या खांबाचं उदाहरण आडवं येतं ना. खांबाची उंची आणि सूर्याचा कोन यावरून सावली निघते, ठीक, पण तेच गणित उलटं करून सावलीवरून उंची पण निघते, मग खांब एवढा उंच का तर सावली एवढी म्हणून, असं कोणी म्हणेल का? गणित दोन्हीकडून सुटतं, कारण मात्र एकाच बाजूला.

आता आमच्याकडचं सांगतो, जळगाव जिल्ह्यातला रावेर पट्टा, सगळी केळीच. आमचे आप्पा केळीजवळ काकडी कधीच लावू द्यायचे नाहीत, का विचारलं तर "बाधते रे" एवढंच. म्हणजे ज्ञान होतं आणि पक्कं होतं. पण मिरची, टमाटे चालतील का विचारलं की आप्पा गप्प. नंतर कळलं की केळीवरचा हरण्या रोग म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), काकडीवरचाच व्हायरस, मावा नावाची बारीक कीड तो इकडून तिकडे नेते, आणि मिरची-टमाट्यावर, बांधावरच्या काही तणांवर पण तो राहतो. नवीन प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला काढता आलं ते इथे, मला तरी समज म्हणजे हेच वाटतं.

उलट आमचा चुलतभाऊ, व्हायरसचं पूर्ण नाव तोंडपाठ (व्हॉट्सअ‍ॅपची कृपा), आणि रोगाने पिवळी पडलेली केळीची रोपं न उपटता तशीच शेतात उभी, माव्याला व्हायरस पसरवायला मोकळी!