मदत हवी आहे: पादत्राणांच्या दुकानसाखळीचा शेअर कसा जोखावा?

नमस्कार मंडळी. लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांची पादत्राणं विकणाऱ्या एका दुकानसाखळीचा शेअर घ्यायचा विचार आहे. पी/ई (शेअरची किंमत प्रति शेअर नफ्याच्या किती पट) कमी, बँकेचं कर्ज नाही, लाभांश नियमित. तरी मन धजत नाही.

खरी अडचण मालसाठ्याची. एकाच डिझाइनचे सात-आठ मापांचे जोड ठेवावे लागतात. मधली मापं खपतात, टोकाची पडून राहतात आणि हंगाम सरला की सवलतीत काढावी लागतात. या कंपनीची विक्री 2 वर्षं जागच्या जागी आहे, साठा मात्र वाढलाय. हा नव्या दुकानांसाठी भरलेला माल की न खपलेला, हे अहवालातून कसं ओळखायचं? एकूण नफ्याचं (विक्रीतून मालाची किंमत वजा करून उरतो तो) विक्रीशी प्रमाणही घसरतंय, म्हणून शंका जास्त येते.

शिवाय भाडेकरार. आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमामुळे 2019पासून ते ताळेबंदात देणी म्हणून दिसतात. कर्ज मोजताना तुम्ही ते धरता का? मला धरावेत असंच वाटतं. गिऱ्हाईक आलं नाही तरी भाडं चुकत नाही.

किरकोळ विक्रीच्या धंद्यात काम केलेल्यांनी जरूर सांगा. बरीच बचत यात घालायची आहे.