चिकलठाण्याचा उन्हाळा आणि टेकऑफ थ्रस्ट
'पारा एक अंश चढला की थ्रस्ट (विमान पुढे ढकलणारा इंजिनाचा जोर) तेवढा उतरतो' असं उन्हाळ्यातल्या टेकऑफबद्दल म्हणतात; ते अर्धंच बरोबर आहे. बोइंग 737 वरच्या सीएफएम 56-7बी सारखं इंजिन समुद्रसपाटीला 30 अंशांपर्यंत ठरलेला टेकऑफ थ्रस्ट पूर्ण देतं. हवा तापून विरळ होते तसा इंजिनाचा संगणक पंख्याचा वेग, म्हणजे एन-1, वाढवत नेतो. त्याचा ताण टर्बाइनवर येतो: एक्झॉस्टचं तापमान चढत जातं, आणि त्याची लाल रेषा, म्हणजे कमाल मर्यादा, 950 अंशांवर. म्हणून 30 च्या पुढे एन-1 उतरवावाच लागतो. थ्रस्ट खरा घसरतो तो तिथून.

आता चिकलठाणा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) विमानतळ, सुमारे 1,900 फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान (मानक वातावरणात धरलेलं, इथे सुमारे 11 अंश) अधिक 15 धरलं तर तिथे पूर्ण थ्रस्टची ही मर्यादा 26 अंशांच्या आसपासच येते. मे महिन्यात दुपारी 41 अंश असताना आपण तिच्या चांगले पंधरा अंश पुढे असतो. मग वजन कमी करा, नाहीतर पहाटे उडा. आणि कृपया हिशेबात धावपट्टीच्या डांबराचं तापमान घेऊ नका. हवामान अहवालातलं सावलीतलं हवेचं तापमानच धरतात.