दिवसभर घरी असणारे बाबा: इंदूरकरांनो, अनुभव लिहा

माझ्या ओळखीतच आता काही घरं अशी आहेत, जिथे आई कामावर जाते आणि बाबा मुलांपाशी घरी असतात. पण कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "वर्क फ्रॉम होम चालू आहे." म्हणून हा धागा. निर्णय कसा झाला, दिवस कसा जातो, पैशांचं काय करता, सासर-माहेर काय म्हणालं, जे असेल ते लिहा. बायकांनी आणि आजी-आजोबांनीही लिहा, एकट्या बाबांची बाजू नको. नावं टाकू नका, मोहल्ला पुरे. आणि "ग्रेट जॉब" एवढंच लिहून पळू नका, प्लीज.

सुरुवात मीच करतो.

राजेंद्र नगर

मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत होतो. कंपनीची बस उजाडता उजाडता निघायची, घरी यायला दिवेलागण. बायको सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअरमध्ये. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांची २६ झाली, ती तिला पुरती मिळाली. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे ती रुजू झाली तेव्हा मुलगा पाचेक महिन्यांचा होता. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच कायद्यात आहे. तिच्या ऑफिसात ती "लवकरच" होणार होती. माझ्या आईचे गुडघे गेलेले, सासूबाई देवासला त्यांच्याच सासूचं करून राहिल्या. दोघांचे पगार शेजारी शेजारी लिहिले, तिचा जास्त निघाला. मी राजीनामा दिला. यात त्यागबिग काही नव्हता, हिशेब होता.

अंगावरचं दूध सुटू नये ही तिची अट. ती ऑफिसात पंपाने दूध काढायची, बर्फाच्या पाकिटासोबत घरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी ते मी पाजायचं. इथे माझी क्वालिटीतली नोकरी कामाला आली. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, तीवर तारीख आणि वेळ, आणि जी आधी आली ती आधी वापरायची. फ्रिजमध्ये ते चार दिवसांपर्यंत चालतं, बाहेर साधारण २५ अंशांना चार तास. पण इंदूरच्या मे महिन्यात खोली २५ अंशांवर कुठली असायला! ठेवलेल्या दुधावर साय वेगळी होऊन वर येते, ते नासलेलं नसतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून हलक्या हाताने गोल फिरवायची, की एकजीव होतं. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही घालायचं नाही. काही ठिकाणी ते जास्त तापतं आणि बाळाचं तोंड भाजतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना विचारून वहीत उतरवून घेतलं होतं, आणि त्या मात्र उत्तर देताना बायकोकडे बघत होत्या.

मग एका दुपारी लाइट गेली ती येईचना. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो. मुलगा कडेवर, बाटल्या पिशवीत, वर गेलो. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "सूनबाई कुठंय?" म्हटलं ऑफिसला. त्यांनी बाटल्या घेतल्या, मुलाचे मुके घेतले, पण "या, बसा" काही म्हणाल्या नाहीत. आत त्यांची भिशी चालू होती, दहा-बारा बायका. माझी बायको असती तर तिला आत ओढून नेलं असतं, पोहे खायला लावले असते, मूल हातोहात फिरलं असतं. काकूंचं चुकलं असं मी म्हणत नाही. परपुरुषाला बायकांच्या भिशीत कसं बसवणार? पण त्या दिवशी कळलं, की मूल सांभाळणं जमतं, शिकता येतं. कॉलनीत दुपारी अकरा ते पाच पुरुषाला बसायला जागाच नाही, ती शिकून मिळत नाही.

लोकमान्य नगर

अगदी! आमच्याकडे शाळेच्या गेटवर हेच. ज्युनिअर केजीच्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात माझा नंबर टाकणं "बरं दिसणार नाही" म्हणून बायकोचा टाकला. आता "उद्या पिवळे कपडे, सोबत एक फळ" हा मेसेज तिला मीटिंगमध्ये येतो, ती तो रात्री मला पाठवते, आणि मी रात्री दहाला पिवळा टी-शर्ट धुतो. शाळा सुटताना आया एका झाडाखाली, रिक्षावाले दुसऱ्या झाडाखाली. मी रिक्षावाल्यांत असतो. खूप चांगली माणसं आहेत, ट्रॅफिकपासून राजकारणापर्यंत सगळं कळतं, पण कुणाच्या मुलाला कांजिण्या झाल्या ते बायकांच्या झाडाखाली आधी कळतं.

लसीकरणाचंही तसंच. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस द्यायला घेऊन गेलो, तर "मम्मी नहीं आई?" मुलगी माझ्या मांडीवर, कार्ड माझ्या हातात, आधीच्या सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसींच्या तारखा मला तोंडपाठ. तरी रात्री ताप आला तर किती औषध द्यायचं, ते "मम्मी को बता देना".

स्नेहलतागंज

तुम्ही लोक "निर्णय घेतला" म्हणून राहिले. मी काही घेतला नव्हता. राजवाड्यामागे कापडाच्या दुकानात कामाला होतो, ते बंद पडलं. बायको नर्स आहे, तिच्या ड्यूट्या फिरत्या, त्यामुळे घरी मी उरलो. पहिलं वर्ष सगळ्यांना "काहीतरी बघून राहिलोय" सांगितलं. मग एक दिवस सांगायचं बंद केलं, बस.

त्रास पैशांचा होतो. ती मागत नाही हिशेब, कधीच नाही. पण माझ्या फोनमध्ये तिच्या खात्याचा यूपीआय आहे. मी मंडीत गिलकी घेतली की तिच्या फोनवर टुंग, पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याची पुडी घेतली की टुंग. ती आयसीयूत असते, बघतही नसेल, पण मला तो टुंग इथे ऐकू येतो. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला एकदाच रोकड काढून डब्यात ठेवायला लागलो. आता जिवाला शांतता आहे. बाकी दोन्ही पोरं माझ्या हातचे पोहे खातात. पोहे फोडणीत परतून नाही, आपले इंदुरी, वाफेवरचे, वरून शेव आणि कांदा. त्यांना आईच्या हातचे आवडत नाहीत, हे तिला सांगू नका.

रामबाग (आजी)

मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. माझा मुलगा घरी असतो, सून कॉलेजात शिकवते. सून गुणी आहे, तिच्याबद्दल एक शब्द नाही. पण खरं लिहायचं म्हणताय तर लिहिते, मला अजून आवडत नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, की मीच आधी उठते. ओला वेगळा, सुका वेगळा, डबे घेऊन मी पायऱ्या उतरते, कारण समोरच्या घरातल्या बायका तिथे उभ्या असतात आणि माझ्या पोराने त्यांच्या रांगेत डबा धरून उभं राहिलेलं मला बघवत नाही. तो म्हणतो, "आई, तुझे गुडघे!" मी म्हणते, राहू दे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ त्याने केला, वाण आणायला तोच गेला, रांगोळीसुद्धा त्याची. आणि बायका यायच्या वेळेला बिचारा नातीला घेऊन नेहरू पार्कला जाऊन बसला. सगळ्या म्हणाल्या, काय छान झालेत लाडू. मी म्हटलं, सुनेने केले. आमचे हे होते तेव्हा मुलं कितव्या इयत्तेत आहेत तेही त्यांना मला विचारावं लागायचं, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. हे मला कळतं. कळतं तरी मी डबे घेऊन उतरते.

राजेंद्र नगर

आजी, तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला अर्थ आला. पण पुढच्या संक्रांतीला लाडू कुणी केले ते सांगाच.

रामबाग (आजी)

बघू.

विजय नगर

भिया, धागा चांगला आहे, पण जरा चिडून लिहितो. माझ्या आईने जन्मभर हेच केलं. तिला भिशीत जागा होती म्हणता, पण भिशी महिन्यातून एकदा. बाकीच्या दुपारी ती पण एकटीच होती की. पुरुषाने केलं की अनुभव, बाईने केलं की घरकाम?

सुदामानगर

वरच्या भावांशी सहमत, आणि मी "बायको" बाजूची आहे. मी सीए आहे, नवरा घरी असतो. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आहे, की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. लोकांना वाटतं आमच्या घरी हे आकडे उलटे झाले. स्वयंपाकापुरते झालेत. पण मुलाचे बूट लहान झाले, कामवाली बाई परवा येणार नाही, मावशीच्या नातीच्या बारशाला काय द्यायचं, ही यादी कित्येक दिवस माझ्याच डोक्यात चालू असायची. तो म्हणायचा, "तू सांग, मी करतो." सांगणं हेच काम आहे हो! शेवटी मी सांगणंच बंद केलं. एकदा नर्मदेचं पाणी यायच्या दिवशी टाकी भरायची राहिली. आमच्याकडे ते एक दिवसाआड येतं, म्हणजे पुढचा अख्खा दिवस बादल्यांवर. त्यानंतर फ्रिजवर कॅलेंडर त्याने लावलं, त्याच्या अक्षरात. मी त्यात बघून विचारते, "उद्या काय आहे?"

आणि एक. त्याला सगळे "किती करतो!" म्हणतात. मला काय म्हणतात? "नवऱ्याला घरी बसवलं." ऑडिटला गेले की एक तरी क्लायंट हळूच विचारतो, "भाईसाब की तबीयत ठीक है ना?"

अन्नपूर्णा रोड

भावना सगळ्यांनी लिहिल्या, मी कागदांचं लिहितो, कारण नोकरी सोडताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पीएफ लगेच काढू नका, खात्यावर व्याज मिळत राहतं, पण नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, ते विवरणपत्रात दाखवा. मेडिक्लेम ऑफिसचा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. बायकोच्या ग्रुप पॉलिसीत नाव घालायला मुदत असते, राजीनाम्याच्या आधीच एचआरला विचारा. टर्म इन्शुरन्स नोकरीत असतानाच घेऊन ठेवा. नंतर मी चौकशी केली तर एजंटने सरळ सांगितलं, स्वतःचं उत्पन्न नाही तर हप्ता कितीही भरा, मोठं कव्हर मिळणं कठीण. मुलांपाशी दिवसभर असणारा माणूस गेला तर त्याच्या जागी किती पगाराची माणसं ठेवावी लागतील, हे एजंटच्या गणितातच नाही. पीपीएफ स्वतःच्या नावाने चालू ठेवा, वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं. आणि घराचं कर्ज घ्यायचं मनात असेल तर तेही राजीनाम्याआधी.

केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस पितृत्व रजा आहे. खाजगीत कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या मनात असेल ते. माझ्या मनात नेहमी येतं, की माणूस पहिल्या १५ दिवसांत आंघोळ घालायला शिकतो आणि कामावर परत जातो. बाळ कशामुळे रडतं ते कळायला लागतं, तोवर रजा संपलेली असते.

टिळक नगर

मी परत नोकरीवर गेलो आहे, तोही अनुभव लिहितो. मुलगी पहिलीत गेली आणि मी अर्ज टाकायला लागलो. मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारायचे, मी सरळ "मुलीला सांभाळत होतो" म्हणायचो. समोरचा थांबायचा, मग "नाही, पण करत काय होतात?" एकाने तर तब्येतीचं विचारलं. आधीपेक्षा कमी पगारावर लागलो. मित्र म्हणतात नुकसान झालं. झालंच, खोटं कशाला बोलू? पगार मागे गेला तो गेलाच. पण शाळेतून ताप आला म्हणून फोन येतो तो अजून मलाच येतो, आणि बायकोला याचं वाईट वाटतं. तिने तसं बोलूनही दाखवलं. त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

लोकमान्य नगर

एक व्यवहाराचा प्रश्न. मुलगी तीन वर्षांची, मी एकटा तिला घेऊन बाहेर पडतो. शी-शूला कुठे नेता? पुरुषांच्या बाजूला नेववत नाही, बायकांच्या बाजूला मला जाता येत नाही. मॉलमध्ये लंगोट बदलायचा ओटा असला तरी तो बायकांच्या आत.

टिळक नगर

मी तिथल्या सफाईवाल्या ताईंना सांगायचो, "दीदी, बिटिया को ले जाओगी?" शहर स्वच्छतेत नंबर वन असल्याचा फायदा हा, की स्वच्छतागृहाजवळ बहुतेक वेळा कुणीतरी कामावर असतं. पण मुलगी अनोळखी बाईबरोबर जाईना, तेव्हा हा उपाय संपला.

अन्नपूर्णा रोड

आधी आत डोकावून बघायचं, रिकामं असेल तर पुरुषांच्या बाजूच्या बंद संडासात न्यायचं. मुतारीच्या बाजूला तिचं तोंड वळू द्यायचं नाही. अपंगांसाठीची वेगळी खोली असेल तर ती सगळ्यात बरी, कुणी थांबलेलं नसेल तर.

स्नेहलतागंज

माझा जुगाड सांगतो. ॲक्टिवाच्या डिकीत प्लास्टिकची छोटी पॉटी, पाण्याची बाटली, जुनी चादर. झाडामागे चादर धरायची. छप्पन दुकानला खायला जायच्या आधी रीजनल पार्कपाशीच उरकून घ्या, नंतर गर्दीत जागा मिळत नाही. आणि पॉटी धुतल्याशिवाय डिकीत परत ठेवू नका, भिया. बायकोची ड्यूटी संपल्यावर तिला घ्यायला तीच ॲक्टिवा न्यायची असते.