युनिटीत ४२ व्हर्च्युअल कॅमेरे: एआय टूलला बदलू द्यावेत का? सल्ला हवा

मल्हारगंजकर (इंदूर):
मंडळी, आम्ही तिघं मिळून युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा गेम करतोय. रात्री राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत चालत जायचं, वाटेत गोष्ट उलगडत जाते. सिनेमशीन ३ (युनिटीचं कॅमेरे सांभाळणारं पॅकेज) आहे, सीन एकच, कॅमेरे ४२. त्यातले २४ गल्ल्यांमधले, १८ चौकातले. गल्ल्या फार कोंदट दिसायला लागल्या म्हणून फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं तो कोन) वाढवायचं आणि डॅम्पिंग (कॅमेरा पात्रामागे किती सावकाश येतो ते) कमी करायचं ठरलं. दोस्त म्हणाला, भिया, हाताने कोण करत बसणार, एमसीपीने (एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची पद्धत) एआय जोडू एडिटरला. जोडला. फील्ड ऑफ व्ह्यूसाठी एका ट्युटोरियलमधला ९० हा आकडा दिला. दोन मिनिटांत "सर्व कॅमेरे अपडेट झाले" असं उत्तर आलं, मी सीन सेव्ह केला आणि खुशीत गराडू खायला निघून गेलो.

सकाळी उघडतो तर काय, गल्ल्यांचे आकडे जुनेच. आणि ज्या चौकाला हात लावायचाच नव्हता तिथे ९० बसलेत. राजवाड्याच्या दाराशी उभं राहिलं की कडेचे खांब ढोलासारखे जाड दिसतात. टूल बदलू, की हे काम टूलचंच नाही?

लश्करवाली (ग्वाल्हेर):
गल्लीतले कॅमेरे प्रीफॅबच्या (एकदा बनवून ठेवलेल्या साच्याच्या) कॉप्या आहेत का? आणि चौकातले थेट सीनमध्ये ठेवलेले?

मल्हारगंजकर:
हो ताई! तुम्हाला कसं कळलं?

लश्करवाली:
कारण मीही यात एक आख्खा रविवार घालवलाय. टूलच्या कोडने कॅमेऱ्याच्या फील्डमध्ये सरळ आकडा टाकला असणार. इन्स्पेक्टरमध्ये तो दिसतो, म्हणून वाटतं झालं. पण प्रीफॅबच्या कॉपीवर केलेला बदल "ओव्हरराइड" म्हणून नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही तर सीन पुन्हा उघडल्यावर प्रीफॅबचाच आकडा परत येतो. साध्या ऑब्जेक्टला ही भानगड नाही, म्हणून चौक टिकला.

उपाय सोपा आहे. बदलाच्या आधी 'अन्डू'चं रेकॉर्डऑब्जेक्ट बोलवायचं, किंवा सगळे बदल सिरियलाइझ्डऑब्जेक्टमधून करायचे. सिरियलाइझ्डऑब्जेक्टमध्ये ओव्हरराइड आपोआप नोंदवला जातो; रेकॉर्डऑब्जेक्ट वापरलंत तर बदलानंतर प्रीफॅबयुटिलिटीचं रेकॉर्डप्रीफॅबइन्स्टन्सप्रॉपर्टीमॉडिफिकेशन्सही बोलवा. दोन्हीत कंट्रोल-झेडही चालतं. तुमचं टूल यातलं काही करतं का ते आधी बघा. करत नसेल तर त्याला सीनमध्ये हात घालू देऊ नका. त्याच्याकडून एडिटर स्क्रिप्ट लिहून घ्या, वाचा, मग स्वतः चालवा.

दांडियाबाजार (बडोदा):
खांबांचं मी सांगतो. ते ट्युटोरियल अनरियलचं (दुसरं गेम इंजिन) होतं ना? अनरियलमध्ये ९० म्हणजे आडवा कोन. युनिटी मात्र उभा कोन साठवते. १६:९ च्या पडद्यावर उभा ९० ठेवलात तर आडवा जवळपास १२१ होतो. एवढ्या रुंद चित्रात सरळ रेषा सरळच राहते, पण कडेची वस्तू आडवी ताणली जाते. म्हणून खांब वाकडे नाहीत, नुसते जाड दिसतायत. आडवे ९० हवे असतील तर युनिटीत ५८.७ टाका. यात एआयची चूक नाही हो, तुम्ही जे दिलंत तेच त्याने केलं.

आणि कोंदटपणाचं कारण लेन्स आहे असं मला वाटतच नाही. गल्लीत डीऑक्लूडर (पात्राच्या आड काही आलं की कॅमेरा सरकवणारा सिनेमशीनचा भाग) लावलाय का?

मल्हारगंजकर:
लावलाय. दुकानांपुढच्या ताडपत्र्या, बल्बांच्या माळा, ओटे, सगळं एकाच लेयरवर आहे.

दांडियाबाजार:
मग झालं की! माळ आड आली रे आली की कॅमेरा पुढे सरकून पात्राच्या मानेवर येऊन बसतो. ताडपत्र्या आणि माळा वेगळ्या लेयरवर टाका आणि डीऑक्लूडरच्या 'कोलाइड अगेन्स्ट'मधून तो लेयर काढा. भिंती आणि ओटे राहू देत. आधी एवढंच करून बघा, फील्ड ऑफ व्ह्यूला हात न लावता.

निवांत_बग:
माझं मत वेगळं. ४२ कॅमेऱ्यांना एआय कशाला? हाताने तासाभराचं काम.

लश्करवाली:
एकदा तासाभराचं, मान्य. पण चौथ्यांदा आकडे बदलतील तेव्हा? कॅमेऱ्याचे आकडे एकदाच ठरलेत असं मी अजून पाहिलेलं नाही.

मल्हारगंजकर, स्क्रिप्ट मागताना तीन गोष्टी बजावा. एक, कॅमेरे नावाने नको, गल्लीच्या पेरेंटखालचेच (ज्या ऑब्जेक्टखाली ते ठेवलेत) घे. "सगळे" हा शब्द वापरलात की चौक गेलाच. दोन, पहिल्या फेरीत काही बदलू नको, फक्त नाव, जुना आकडा, नवा आकडा कन्सोलमध्ये छाप. तीन, सिनेमशीन ३ आहे हे स्पष्ट लिहा. नाहीतर सवयीने २ चं कोड येतं: तिथे सिनेमशीनव्हर्च्युअलकॅमेरा आणि एम-अंडरस्कोर-लेन्स, ३ मध्ये सिनेमशीनकॅमेरा आणि नुसतं लेन्स. शिवाय लेन्स हा स्ट्रक्ट आहे. व्हेरिएबलमध्ये काढून बदलला आणि परत ठेवला नाही, तर नुसती कॉपी बदलते, एररही येत नाही.

अन् हो, आधी गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट. सीन टेक्स्ट स्वरूपात असेल तर कुठली ओळ बदलली ते डिफमध्ये सरळ दिसतं.

मल्हारगंजकर:
केलं सगळं. चौक गिटमधून परत आणला. माळांचा लेयर वेगळा केला आणि अर्ध्या गल्ल्या तिथेच मोकळ्या झाल्या. आधी स्क्रिप्ट नुसती छापायला लावली तर २४ ऐवजी २३ नावं आली. चोविसावा कॅमेरा चुकून चौकाच्या पेरेंटखाली पडला होता, आमच्याच हातून. मग ५८.७ न टाकता ५० वर थांबलो, बरं दिसतंय. डॅम्पिंग १ वरून ०.४ केलं, पण जिन्यावर कॅमेरा आता हिसके देतो. तिथलं कसं करू?

दांडियाबाजार:
जिन्यावर फक्त वाय (उभ्या) अक्षाचं डॅम्पिंग परत १ करा, एक्स आणि झेड ०.४ च राहू देत. प्ले मोडमध्ये बदलून बघणार असाल तर 'सेव्ह ड्युरिंग प्ले' चालू करा, नाहीतर स्टॉप दाबलं की पुन्हा गराडू खायला जावं लागेल.