सोचिनस आणि फेरेंत्स दाविद यांच्या वादाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोळाव्या शतकात युरोपात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) नाकारणाऱ्या ख्रिस्ती विचारवंतांबद्दल सध्या वाचतो आहे. त्यांच्यापैकीच एक असलेल्या सर्व्हेटसला १५५३ मध्ये जिनिव्हात जाळलं, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला मात्र ट्रान्सिल्व्हेनियातला (आजच्या रोमानियाचा भाग) तिथला धर्मोपदेशक फेरेंत्स दाविद आणि इटालियन धर्मपंडित सोचिनस यांच्यातला वाद जास्त अस्वस्थ करतो, कारण तिथे दोन्ही बाजू त्रैक्य न मानणाऱ्याच होत्या.

दाविदचं म्हणणं सरळ होतं: ख्रिस्त देव नाही, मग प्रार्थना फक्त पित्याचीच. सोचिनसही ख्रिस्ताला मूळचा माणूसच मानतो, पण देवाने त्याला अधिकार दिला म्हणून त्याची उपासना योग्य ठरवतो. पुढे सोचिनसच्या अनुयायांनी काढलेल्या १६०५ च्या राकोव्हच्या (पोलंडमधलं गाव) धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतही हीच भूमिका दिसते. दाविद १५७९ मध्ये देवाच्या किल्ल्यात (देवा हे गावाचं नाव) याच मतांपायी कैदेत वारला. तेही १५६८ मध्ये तोर्डा इथे भरलेल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या प्रतिनिधी सभेने उपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे शिकवायची मुभा दिल्यानंतर!

मला दाविदचा युक्तिवाद जास्त प्रामाणिक वाटतो. पण सोचिनसची बाजू नीट समजून घ्यायची आहे. बायबलमधल्या कोणत्या वचनांवर तो भर देतो? दोघांच्या वादाचं इंग्रजी भाषांतर कुठे वाचायला मिळेल? चर्चचा इतिहास शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.